आजोबांची प्लिमथ विकायची आहे

डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलटे फिरतात. सत्तर-पंचाहत्तर वर्षांची प्लिमथ, डॉज किंवा डिसोटो पहिल्यांदाच हाताळणारा मेकॅनिक हमखास इथे फसतो. पाना लावून नेहमीच्या सवयीने जोर देतो, बोल्ट हलत नाही. मग पान्याला पाइप जोडतो, पाइपवर उभा राहतो. कट्‌कन आवाज होतो आणि बोल्ट मुळातच तुटतो. त्याच्या डोक्यावर गंजाखाली ‘एल’ हे अक्षर उमटवलेलं असतं. तारेचा ब्रश दोनदा फिरवला असता तर दिसलं असतं. चाक पुढे धावताना बोल्ट आपणहून सैल होऊ नयेत म्हणून क्रायस्लर कंपनी डाव्या बाजूला डावे आटे ठेवत असे. जुन्या अमेरिकन गाडीचं निम्मं नुकसान गंजाने होतं आणि उरलेलं निम्मं अशा घाईने, हे या धंद्यातली अनुभवी माणसं सांगतात. त्यांचं म्हणणं मनावर घ्यायला हवं, कारण आज अशा गाड्या एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हाती येत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ विकायला काढल्या जात आहेत.

अशी एक गाडी डोळ्यांपुढे आणू आणि ती दीपनगरला आहे असं समजू.

भुसावळ सोडून वरणगावच्या दिशेने निघालं की औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसू लागतात. त्यांच्या पायथ्याशी वसाहत आहे, शेजारी फेकरी गाव आहे आणि जवळून जुना सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो. आता त्याचा नंबर ५३ झाला, तरी ट्रकवाले अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. या वसाहतीत टर्बाइनच्या देखभालीत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या एखाद्या इंजिनीअरच्या वाट्याला, वडिलांच्या माघारी, रावेर-यावलकडच्या वाड्यातली गाडी आली. आजोबांचं कापसाचं जिनिंग होतं आणि गाडी त्या चलतीच्या दिवसांतली. १९४७ची प्लिमथ स्पेशल डिलक्स, चार दारांची, उजवीकडे स्टिअरिंग, त्याच्या दांड्यावरच तीन गिअरचा लिव्हर. वीस-पंचवीस वर्षं कडब्याशेजारी उभी. मुलगा पुण्याला आणि मुलगी परदेशात, त्यामुळे ठेवायला जागा नाही. गाडी विकायची आहे. पण विकण्याआधी ती स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर आणि स्वतःच्या कागदांवर उभी राहिली पाहिजे.

अमेरिकन गाडी खानदेशात आली कशी, हा प्रश्न नव्या पिढीला पडतो. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. सुटे भाग खोक्यांतून बोटीने यायचे आणि शेवरोलेट इथे उभी राहायची. फोर्डचाही भारतात तसाच कारभार होता. या परकीय जुळणीच्या धंद्यात देशी माणूस उतरला तो सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांनी जहाजं काढली, बंगळूरला विमानांचा कारखाना उभा केला, मालेगाव तालुक्यात रावळगावची साखर आणि पुढे गोळ्या-चॉकलेटं काढली. मोटारींसाठी त्यांनी क्रायस्लरशी करार केला. १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या मोटारी आणि त्यांच्या जोडीला ट्रक. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट ही नावं ज्यांनी लहानपणी मुंबईच्या मोठ्या टॅक्सीवर वाचली, त्यांना त्या गाड्यांची मागची लांबरुंद बैठक अजून आठवते. १९५३मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांच्याकडे इथे टप्प्याटप्प्याने गाडी घडवण्याचा कार्यक्रम नसेल त्यांनी नुसती जुळणी करत राहू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, पण तिचं भविष्य फियाटच्या लहान गाडीत होतं. आता कुर्ल्याच्या त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे.

१९४८मध्ये सुरू झालेल्या एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यातही बेडफोर्डबरोबर शेवरोलेट, फोर्ड, स्टुडबेकर अशा गाड्या होत्या. त्या काळी ही इंजिनं गावोगावच्या मिस्त्र्यांच्या हातांखालून जात. अमेरिकन इंजिन इथे परकं नव्हतं. परकं झालं ते नंतर, पेट्रोल महागल्यावर. १९७३च्या तेलसंकटानंतर दर लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी कुणाला परवडणार? कुणी त्यात डिझेल इंजिन बसवलं, कुणी भंगारात घातली, कुणी झाकून ठेवली. ज्याने झाकून ठेवली त्याचेच वारस आज गिऱ्हाईक शोधत आहेत.

गाड्या हातच्या जाणं हे मराठी माणसाला नवीन नाही. नट-दिग्दर्शक भगवानदादा पालव यांच्याकडे १९५१च्या ‘अलबेला’ चित्रपटानंतर आठवड्याच्या सात वारांना सात गाड्या होत्या असं सांगतात. पुढचे चित्रपट पडले, बंगला गेला, गाड्या गेल्या आणि २००२मध्ये ते दादरच्या चाळीतल्या घरात वारले. त्या गाड्या कुणाकडे गेल्या, कुणी त्यांचं काय केलं, हे कळलं तर किती बरं वाटेल. गाडीबरोबर तिची कहाणी पुढच्या मालकाकडे पोचवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, असं म्हणायला अशी उदाहरणं भाग पाडतात.

आता दीपनगरच्या शेडमध्ये येऊ. गाडी ट्रॉलीवरून आणून उतरवली आहे. भुसावळहून मिस्त्री आला आहे, साठी ओलांडलेला, अॅम्बेसेडर आणि जीपवर हात बसलेला. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “भाऊ, बॅटरी लावून सेल्फ मारू का?”

नाही. इथेच थांबायचं. वीस वर्षं न फिरलेल्या इंजिनाच्या सिलिंडरांत गंजाची पातळ साय धरलेली असते आणि रिंगा त्यात रुतलेल्या असतात. सेल्फने जबरदस्ती केली तर रिंग तुटते. आणखी वाईट म्हणजे गाडी गिअरमध्ये घालून ट्रॅक्टरने ओढणं. गावाकडे हे पहिल्या दिवशीच होतं आणि मग इंजिनाचं काम दसपट वाढतं. बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. सहाही प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून पातळ तेल सोडायचं आणि चार दिवस वाट पाहायची. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून, श्वास रोखून, जेमतेम पाव आटा पुढे, पाव आटा मागे. हाताला कळतं. पहिल्यांदा दगड, मग लोणी.

या इंजिनाची घडण सोपी आहे, त्यामुळे ते वाचवता येतं. हे फ्लॅटहेड आहे. म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्येच उभे आहेत आणि हेड म्हणजे नुसतं जाड झाकण. अमेरिकेत विकलेल्या या प्लिमथमध्ये २१७.८ घनइंचाचं, म्हणजे सुमारे ३.६ लिटरचं, सहा सिलिंडरांचं इंजिन आणि ९५ अश्वशक्ती. टॅपेटची फट गरम इंजिनावर इनटेकला ८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्टला १०. हे आकडे मिस्त्री वहीत लिहून घेतो, कारण पुढच्या वेळी विचारायला जवळपास कुणी नसतं.

पण गॅस्केट मागवण्याआधी फूटपट्टी लागते. क्रायस्लरच्या या सहा सिलिंडरांच्या इंजिनांचे दोन आकार होते. अमेरिकेतल्या प्लिमथ-डॉजचं हेड २३ इंच लांब, तर क्रायस्लर-डिसोटोचं आणि कॅनडात बनलेल्या इंजिनांचं २५ इंच. भारतात आलेल्या गाड्यांत दोन्ही मिळतात. बाहेरून इंजिन तेच दिसतं, पण एकाचं गॅस्केट दुसऱ्याला बसत नाही. अमेरिकेहून मागवलेलं पार्सल दोन महिन्यांनी येतं आणि दोन इंच कमी भरतं. हेडवर टेप ठेवून मोजणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती खानदेशात दुप्पट महत्त्वाची. या इंजिनाच्या पोटात, पाण्याच्या पंपाच्या मागे, पुढून मागेपर्यंत एक चपटी पत्र्याची नळी आडवी घातलेली असते. तिला वरच्या बाजूने भोकं असतात. रेडिएटरचं थंड पाणी त्या भोकांतून थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीखाली पोचतं. ही नळी साध्या पोलादाची आणि तिच्याभोवती कायम पाणी, तेव्हा ती आतून गंजते. मागची भोकं बुजतात किंवा नळीच कुजून जाते, मागच्या सिलिंडरांना पाणी पोचत नाही आणि सहाव्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळतो. मालकाला दिसतं एवढंच की गाडी उकळते. तो रेडिएटर साफ करतो, थर्मोस्टॅट काढून फेकतो, पंखा मोठा लावतो. आजार मात्र आतच राहतो.

ती नळी बाहेर काढणं म्हणजे दाताच्या डॉक्टरचं काम. रेडिएटर उतरवायचा, पंप काढायचा, मग समोर दिसणाऱ्या अरुंद फटीत वाकवलेला लोखंडी हूक घालून नळीच्या पहिल्या भोकात अडकवायचा आणि ओढायचं. कधी ती अखंड निघते. बहुतेक वेळा बोटभर तुकडा हाती येतो, तपकिरी, बिस्किटासारखा चुरणारा. मग पुन्हा हूक, पुन्हा तुकडा. दिवस जातो. शेवटी ब्लॉकच्या पोटातून लालसर गाळ बाहेर पडतो, एवढा की घमेलं भरावं. पाण्याने धुवायचं, पुन्हा धुवायचं, आणि पाणी नितळ येईपर्यंत थांबायचं नाही. नवी नळी पितळेची किंवा स्टेनलेसची मिळते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जाणाऱ्या भुसावळात हे काम न करता गाडी विकणं म्हणजे पुढच्या माणसाच्या गळ्यात उकळतं भांडं बांधणं.

दीपनगरच्या हवेची आणखी एक देणगी म्हणजे राख. कोळशाची उडती राख बारीक असते आणि तिच्यात सिलिकेचे कण असतात. त्या काळच्या गाड्यांना हवा गाळायला तेलाचा फिल्टर असे, तळाशी तेलाची वाटी आणि वर तारेची जाळी. उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या त्या वाटीत करड्या चिखलाचा थर सापडतो. तो खरवडून, जाळी रॉकेलने धुऊन, ताजं तेल घातलं की फिल्टर पुन्हा कामाला लागतो. नाहीतर तीच राख सिलिंडरमध्ये जाऊन घासकागदाचं काम करते. वीजकेंद्रात ज्याने आयुष्यभर राखेशी सामना केला त्याला हे सांगावं लागत नाही. तो वाटी उघडून आधी बोटावर चिखल चोळून पाहतो.

वीजकेंद्राच्या ओळखीचा उपयोग इथे संपत नाही. गाडी प्लिमथऐवजी त्याच काळातली शेवरोलेट असती, तर तिच्या २१६ घनइंचाच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडची बेअरिंग ओतलेल्या व्हाइट मेटलची निघाली असती. ती झिजली की नवीन शेल घालता येत नाही. पुन्हा मेटल ओतून, खरवडून, निळ्या रंगाचा डाग पाहत पाहत बसवावी लागते. आजच्या कार गॅरेजमध्ये हे कुणी शिकत नाही. पण टर्बाइनच्या जडशीळ रोटरला आधार देणारी बेअरिंगही व्हाइट मेटलचीच असतात, आणि ती खरवडणारा फिटर दीपनगरला मिळतो. भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तयार झालेले हातही आहेत. मुंबईच्या चोरबाजारात सुटे भाग मिळतील, पण हे कौशल्य घराजवळ आहे. ते आधी शोधावं आणि त्याला त्याचा पूर्ण मोबदला द्यावा.

पेट्रोलची टाकी खाली उतरवली की आत डांबरासारखं काहीतरी निघतं. जुनं पेट्रोल सुकून राळ होतं आणि कार्ब्युरेटरच्या केसासारख्या जेटांत जाऊन बसतं. टाकी गरम पाण्याने आणि साखळीचे तुकडे घालून हलवून साफ करतात. ती वेल्ड करताना मात्र पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरलेली असली पाहिजे, कारण आत उरलेली वाफ पेटते आणि माणसं मरतात. नवी अडचण आजच्या पेट्रोलची आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा आणि बुचाची गॅस्केटं त्यात फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि लवकर उकळतं. या इंजिनाचा पेट्रोल पंप एक्झॉस्टच्या जवळ असतो. मध्ये पत्र्याचा आडोसा असायचा, तो कुठल्यातरी दुरुस्तीत काढून फेकलेला असतो. मग उन्हाळ्यात नळीतच वाफ धरते, गाडी चौकात बंद पडते आणि कुणीतरी पंपावर ओलं फडकं टाकतो. फडकं टाकण्याऐवजी तो आडोसा पुन्हा बनवावा, पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घालावा आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

वीज सहा व्होल्टची आहे आणि धन टोक चॅसीला, म्हणजे नेहमीच्या उलट. जवळच्या टेम्पोची बारा व्होल्टची बॅटरी आणून लाल-काळा वायर जोडणारा माणूस दोन सेकंदांत अॅमीटर जाळू शकतो. वायरिंग कापडी आवरणाचं असतं. उंदरांनी ते कुरतडून बैठकीतल्या कापसात घर केलेलं असतं. जिनिंगवाल्याच्या गाडीत कापसातच उंदीर निघाले, म्हणून घरातली म्हातारी माणसं हळहळतात. सहा व्होल्टला जाड केबल लागते, आणि नेमकी तिथे मिस्त्री आजची पातळ बॅटरी केबल घालतो. मग सेल्फ कण्हत फिरतो. लोक म्हणतात, सगळं बारा व्होल्ट करून टाका. नुसती केबल बदलली आणि चॅसीचा जोड खरवडून चकाकता केला तर बहुतेक वेळा सेल्फ पहिल्या फेरीतच उचल खातो.

ब्रेकबद्दल थोडं सविस्तर, कारण त्यांत चूक झाली तर नवा मालक जिवाला मुकतो. प्लिमथला हायड्रॉलिक ब्रेक आहेत, पण सर्किट एकच. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली फळीखाली बसवलेला, वरून झाकण, त्यात धूळ. एखादी रबरी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. म्हणून चारही चाकांचे व्हील सिलिंडर, मास्टरचं रबर आणि तिन्ही रबरी नळ्या बदलल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढायची नाही. मागचे ड्रम काढताना पुन्हा एक सापळा आहे. मागच्या धुरीची टोकं निमुळती आहेत आणि ड्रम त्यांवर पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसलेला असतो. हातोड्याने ठोकून तो निघत नाही, उलट आतलं बेअरिंग बिघडतं. त्यासाठी मोठा पुलर लागतो, आणि तो एखाद्या ट्रकच्या गॅरेजमध्ये उसना मिळतो.

आणि हँडब्रेक. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या ड्रमवर चालतो. हे ठाऊक नसलेल्या माणसाने हँडब्रेक ओढून मागचं एकच चाक जॅकवर उचललं, तर डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि दुसरं चाक धरलेलं राहत नाही. गाडी जॅकवरून निसटते. हा धडा शिकण्यासाठी कुणाची बोटं जायला नकोत. दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅक लावायचा नाही, हे शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावं.

टायरचं मात्र नशीब चांगलं. या गाडीला ६.००-१६ चा टायर लागतो आणि तो जीपचाच. बाजारात त्याच मापाचा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायरही मिळतो, स्वस्त असतो आणि तीन पट्ट्यांचा असतो. तो शेतासाठी आहे, महामार्गावर साठच्या वेगाला तो चालवू नये.

इंजिन सुरू झाल्यावर घरात उत्साह येतो आणि पहिली सूचना रंगाची येते. मूळ रंग ठिकठिकाणी उडालेला, खाली प्राइमर, कोपऱ्यात गंज. डेंटिंग-पेंटिंगवाला एका आठवड्यात चकाचक करून देण्याची हमी देतो, आणि गंजावर लांबी भरून, घासून, चेरी लाल रंग मारून खरंच देतोही. सहा महिन्यांत तो रंग फुगतो. जाणकार खरेदीदार खिशात एक लहानसं चुंबक घेऊन येतो आणि दारांच्या खालच्या कडेला, मडगार्डच्या काठाला लावतो. ते पडलं की आत लांबी आहे हे त्याला कळतं आणि किंमत तिथेच निम्मी होते. जुना, फिकट पण प्रामाणिक रंग पुसून, गंज तेवढा थांबवून ठेवलेली गाडी विकायला सोपी जाते. रंग कधीही मारता येतो, मूळ रंग परत आणता येत नाही.

घासकाम करताना इंजिनचा नंबर घासला गेला तर मात्र मोठं नुकसान होतं. क्रायस्लरच्या गाड्यांत तो ब्लॉकच्या पुढच्या डाव्या बाजूला सपाट जागेवर कोरलेला असतो. जुन्या आरसी बुकात तोच नंबर आहे. आरटीओत कागदावर पेन्सिल घासून त्याचा ठसा द्यावा लागतो. ते चौकोनी सपाट ठिकाण टेपने झाकूनच ब्रश चालवावा.

कागदांना गाडीपेक्षा जास्त वेळ लागतो. आरसी अजून आजोबांच्या नावावर असेल तर दोन पिढ्यांचे मृत्यूचे दाखले, वारस दाखला आणि सगळ्या वारसांची संमती लागते. आत्या, काका, त्यांची मुलं, सगळे. नियम असा आहे की मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवावं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यावं. हा काळ उलटून दशकं गेलेली असतात, तेव्हा दंड भरूनच पुढे जावं लागतं. आजोबांचं आरसी बुक हाताने भरलेलं, नंबरही जुन्या पद्धतीचा, बीएम किंवा बीवायने सुरू होणारा. हा नंबर संगणकात नसतो, त्यामुळे जळगावच्या आरटीओत बॅकलॉग नोंदीसाठी खेटे घालावे लागतात. एमएचने सुरू होणारे आजचे नंबर नव्या मोटारवाहन कायद्याबरोबर १९८९पासून आले. ज्याच्याकडे जुन्या कर भरल्याच्या पावत्या आणि गोल टॅक्स टोकन जपून ठेवलेले आहेत त्याचं काम निम्म्याने हलकं होतं. वाड्यातली जुनी ट्रंक उघडण्याआधी रद्दीवाल्याला बोलावू नये, एवढंच सांगावंसं वाटतं.

मग निर्णय असा घ्यायचा की नोंदणी नेहमीची ठेवायची की व्हिंटेज म्हणून करायची. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यांत बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,०००, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याने लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं यासाठीच ती रस्त्यावर यायची. खानदेशात गिऱ्हाइकाच्या मनात पहिला विचार वरातीचा असतो. नवरदेवाला प्लिमथमधून मिरवायचं म्हणून गाडी घेणाऱ्याला हा नियम आधीच सांगितला नाही तर तो फसवणूकच मानेल, आणि बरोबरच मानेल. जुन्या तेलसंकटात ज्यांनी डिझेल इंजिन बसवलं त्यांच्यासाठी मात्र हा दरवाजा बंदच आहे. मूळ इंजिन ज्याने कोपऱ्यात ठेवलं असेल त्याने ते पुन्हा बसवण्याचा विचार करावा.

करांचाही विचार करावा लागतो. मुंबईत १९८३मध्ये एका गृहस्थांनी १९३१ची फोर्ड टूरर २०,००० रुपयांना घेतली आणि पुढे ती २१ लाखांना विकली. गाडी ही वैयक्तिक वापराची वस्तू, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, गाडी वापरण्याजोगी आहे एवढं पुरेसं नाही, प्रत्यक्ष वैयक्तिक वापर झाल्याचा पुरावा हवा. तो नव्हता. म्हणून आजोबांच्या गाडीतून बापूंना दवाखान्यात नेलं, ताईची पाठवणी केली, हे नुसतं सांगून भागत नाही. लग्नाच्या अल्बममधला गाडीचा फोटो, विम्याचे कागद, पेट्रोलच्या पावत्या, मिस्त्रीची बिलं एका फाइलमध्ये लावावीत आणि विकण्याआधी एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटला दाखवावीत.

शेवटी गाडी रस्त्यावर येते. पहाटेची वेळ निवडायची, महामार्गावर ट्रक कमी असतात. दीपनगर ते वरणगाव हा छोटा टप्पा आधी, मग भुसावळ, आणि आठवडाभर सगळं ठीक चाललं तर जळगाव. मागून साधी गाडी, तिच्यात पाणी, बेल्ट, टूलकिट आणि मिस्त्री. तीस-पस्तीसचा वेग, तेलाचा काटा पाहत राहायचा. थांबल्यावर चारही ड्रमना हात लावून पाहायचं. एक तापलेला असेल तर तिथला शू चिकटला आहे. तापमानाचा काटा वर गेला नाही म्हणजे ती पितळेची नळी आपलं काम करते आहे. शेवटचा सिलिंडर तापला नसेल तर प्लगचा रंग करडा-तपकिरी येतो. पांढरा आला तर पुन्हा शेडमध्ये.

खरेदीदार येतो तेव्हा इंजिन मुद्दाम थंड ठेवलेलं असतं. तो आधी ब्लॉकला हात लावतो, मग बॉनेट उघडून इंजिनच्या नंबरावर टॉर्च धरतो. दाराखालच्या कडेला चुंबक लावतो. ते चिकटतं. मिस्त्री काही बोलत नाही. खरेदीदार चावी फिरवून स्टार्टरचं बटण दाबतो, सेल्फ एकदाच उचल खातो आणि इंजिन शांत, थोडं घरघरत सुरू होतं. खिडकीतून इंजिनीअर म्हणतो, “हँडब्रेक शाफ्टवर आहे. एक चाक उचलू नका.” खरेदीदार मान हलवतो. मग ते दोघे डाव्या मागच्या चाकाशी बसतात, आणि इंजिनीअर बोल्टच्या डोक्यावरचं ते अक्षर बोटाने दाखवतो.

फॉर्म २९च्या दोन प्रतींवर सह्या होतात, फॉर्म ३०वर होतात. गाडी ट्रकवर चढवण्याआधी एक पत्र्याचा डबा तिच्या डिकीत ठेवला जातो. त्यात मूळ सहा व्होल्टच्या वायरीचे तुकडे, जुनं टॅक्स टोकन, टॅपेटचे आकडे लिहिलेली मिस्त्रीची वही, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले त्या कुजलेल्या नळीचे तपकिरी तुकडे.